पोहता येणं आणि पाण्यात टिकणं

पालकहो,

मुलगा किंवा मुलगी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये निवडली गेली की घरात आधी चर्चा होते ती पांढऱ्या गणवेशाची, मग कॅम्पची. पाण्याचा विषय मात्र एकाच प्रश्नात आटोपतो. "पोहता येतं ना रे तुला?" मूल म्हणतं, "हो." आणि तुम्ही संमतिपत्रावर सही करता. आज मला त्या 'हो'बद्दल बोलायचं आहे.

तो खोटा असतोच असं नाही, पण बहुतेक वेळा अपुरा असतो. सुट्टीत क्लास लावलेला असतो, जलतरण तलावाची लांबी दोन-तीनदा पार केलेली असते. तिथे पाणी नितळ, तळ दिसतो, दमलं की कठडा हाताशी, अंगावर पोहण्याचा पोशाख आणि काठावर सर उभे. तेच मूल उद्या २७ फुटी व्हेलर बोटीत बसून खाडीत किंवा धरणाच्या पाण्यात वल्हं मारणार आहे. तिथे ते पडलं तर अंगावरच्या कपड्यांनिशी, बुटांनिशी आणि बेसावध पडेल. पाणी गढूळ असेल, किनारा लांब असेल. तिथे वेगाचा फारसा उपयोग नाही. मदत पोहोचेपर्यंत नाक-तोंड पाण्याबाहेर राहिलं पाहिजे, एवढंच खरं.

आपल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होतं. विहिरीत उतरवताना पाठीला सुकलेला भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर पत्र्याचा डबा बांधत. आधी शरीराला तरंगायची सवय व्हायची, हातपाय मारणं त्यानंतर. पाण्यात ढकललं की पोरगं आपोआप शिकतं, असं म्हणणारेही होते. त्यांचं मात्र ऐकू नका. त्या ढकलण्यातून पोहण्याआधी धास्तीच शिकली जाते.

अचानक पाण्यात पडलं की धाप लागते आणि हातपाय वेडेवाकडे चालू लागतात. म्हणून पहिला धडा असा: लगेच पोहत सुटायचं नाही. उताणं व्हायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, हात पसरायचे आणि श्वास ताब्यात येईपर्यंत तरंगायचं. फुप्फुसात हवा असली की शरीर वर राहायला मदत होते. मग पाणी तुडवत आजूबाजूला पाहायचं, हात वर करून हाक द्यायची. जड बूट काढता आले तर काढायचे. कपड्यांना घाबरायचं नाही. ते हालचाल मंदावतात, पण त्यांचं खरं ओझं जाणवतं ते पाण्याबाहेर येताना. हे सगळं एकदा तरी अंगावर कपडे असताना, प्रशिक्षकासमोर, तलावात करून पाहिलेलं असावं.

बोट उलटली तर तिला सोडायचं नाही. किनारा दिसतो त्याहून लांब असतो, आणि शोधणाऱ्याला लाटांमधलं डोकं दिसत नाही, उलटलेली बोट दिसते. कितीतरी चांगले पोहणारे "मी जाऊन मदत आणतो" म्हणत निघतात आणि वाटेत दमतात.

लाइफ जॅकेट फक्त न पोहणाऱ्यांसाठी, हा गैरसमज मुलांमध्ये फार आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेनं बुडाली आणि माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अपघात झाल्यावर जॅकेट शोधायला सवड मिळत नाही. ते आधीच अंगावर हवं, पट्टे आवळलेले हवेत. खांद्याशी धरून वर ओढलं आणि ते कानांपर्यंत सरकलं, तर ते सैल आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच उसंत नसते, तर हाक कुठून मारणार? तो गुपचूप, मिनिटाभरातही, खाली जाऊ शकतो. आणि कोणी जवळ गेलं तर त्यालाच घट्ट कवटाळतो. तेव्हा मुलांना बजावून सांगा, मित्रासाठी पाण्यात उडी घ्यायची नाही. काठी, वल्हं, दोरी पुढे करायची, रिकामा कॅन किंवा कळशी फेकायची, मोठ्यांना बोलवायचं. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, पोट दाबणं यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करावं लागतं, ते प्रशिक्षण मोठ्या कॅडेटनं आणि तुम्हीही घ्यावं.

राहता राहिली तुमची बाजू. युनिटला विचारा, मुलांची पोहण्याची चाचणी होते का, जॅकेट मापाची आहेत का, बोटींसोबत बचाव बोट असते का. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर चढते. सरावाची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरते का, हेही विचारा. असं विचारलं म्हणून कोणताही चांगला प्रशिक्षक रागावत नाही.

मुलाला फिट्स येत असतील, दमा असेल, कानाच्या पडद्याला छिद्र असेल, तर फॉर्मवर लिहा. निवड हुकेल म्हणून लपवू नका. जमिनीवर आलेल्या फिटमधून मूल सावरतं, पाण्यात तीच जिवावर बेतते.

आणि शेवटचं. मुलं "येतं" म्हणतात कारण "येत नाही" म्हटल्यावर हसू होतं, टीममधून नाव कटतं. घरी तरी ते हसू होऊ देऊ नका. "खोल पाण्यात किती वेळ तरंगतोस, दाखव बरं" असं म्हणून या रविवारी त्याच्याबरोबर तलावावर जा. पाच मिनिटं जमलं नाही, तर सरांना तुम्हीच सांगा: अजून तयारी झालेली नाही, आधी शिकवा. व्हेलर पुढच्या महिन्यातही तिथेच असेल.