बेत कच्च्या लिंबाकडे बघून आखायचा

अगं, मुलांच्या शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आल्प्सला स्कीइंगला यायचं म्हणतेस, जरूर ये. फक्त बेत आखायला बसाल तेव्हा नकाशा पहिल्यांदा जावईबापूंच्या हातात देऊ नकोस. ते आधी बघतील उतार किती किलोमीटर, लिफ्ट किती, शिखर केवढं उंच. हे सगळं मुरलेल्या माणसाचं गणित. तुमच्या घरात सहा वर्षांचा धाकटा, दहा वर्षांची थोरली, बर्फावर कधी पाय न ठेवलेली तू आणि पुण्याहून येणारे सासू-सासरे. अशा वेळी बेत घरातल्या कच्च्या लिंबाकडे बघून आखायचा. दुपारी तीन वाजता धाकटा बर्फात फतकल मारून बसेल आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणेल. तिथून खोली किती लांब, यावर तुमची सुट्टी ठरणार आहे.

म्हणून मी स्वित्झर्लंडमधलं वेंगन सांगते. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनला यायचं आणि तिथून दातेरी रुळांच्या छोट्या गाडीने पंधराएक मिनिटांत वर. गाव १२७४ मीटरवर, मोटारींना बंदी, त्यामुळे पोरं रस्त्यावर मोकळी सोडता येतात. नवशिक्यांचा उतार गावाच्या मधोमध, स्टेशनापासून चालत जाण्यासारखा. पण खरी मेख त्या गाडीत आहे. हीच गाडी पुढे क्लाइने शायडेकला, म्हणजे २०६१ मीटरवर जाते आणि वाटेत थांबत थांबत खाली येते. पोर दमलं, आभाळ भरून आलं, तुझे पाय लटपटायला लागले, तर स्की काढायची आणि गाडीत बसायचं. स्की-पासवर ही गाडी चालते. दुसऱ्या बऱ्याच गावांत वर गेलेल्या नवशिक्याला खाली येणं भागच असतं, आणि तिथेच रडारड होते. १९२५ साली इथे आलेल्या इंग्रजांनी एक क्लब काढला, त्याचं नावच ‘डाउनहिल ओन्ली’. वर जायला गाडी, खाली यायला स्की, एवढाच त्यांचा धर्म! त्या जुन्या इंग्रजी वहिवाटीमुळे इथल्या शिक्षकांशी इंग्रजीत बोलायची अडचण नाही. तुमच्या मुलांना तेच सोयीचं.

तारखांचं बोलायचं तर इंग्लंडच्या शाळेमुळे तुझे हात बांधलेले आहेत. हाफ-टर्मचा आठवडा सगळ्यांत महाग, आणि त्याच सुमारास इथल्या निरनिराळ्या कँटनांच्या शाळांनाही सुट्ट्या. गर्दी असणार हे गृहीत धर. ईस्टरला यायचं म्हणालीस तर आधी ईस्टर कधी आहे ते बघ. मार्चमध्ये असेल तर ऊन, मोठा दिवस, मुलांना उत्तम. एप्रिलात गेला तर वेंगनच्या गावातल्या बर्फाचा भरवसा धरू नकोस. मग त्सेरमाट बघावं. ते सोळाशे मीटरवर, वर हिमनदी, मोटारी तिथेही नाहीत. खिसा मात्र चांगलाच हलका होतो. उद्या मुलांची शाळा आड येणार नाही असं कधी झालंच तर जानेवारीत या, पण लाउबरहॉर्नच्या शर्यतीचा आठवडा सोडून. १९३० पासून चाललेली ही शर्यत, साडेचार किलोमीटरच्या आसपासचा उतार, विश्वचषकातला सगळ्यांत लांब. त्या आठवड्यात वेंगनला खोली मिळणं म्हणजे नशीब.

व्हिसाचं मनावर घे. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना शेंगेन लागणार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी व्हायला हवा, पण शेवटच्या पंधरवड्याची वाट कोण बघतं? सासू-सासऱ्यांचा अर्ज भारतातून, वेगळा. शेंगेनसाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, आणि तो काढला की सगळे निर्धास्त होतात. इथे फसगत होते. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा धरलेलं नसतं. हिवाळी खेळ, उतारावरून उचलून आणणं, हेलिकॉप्टर, आणि तुमच्या धक्क्याने दुसऱ्याचा पाय मोडला तर त्याची भरपाई, या चार गोष्टी पॉलिसीत बोट ठेवून शोध. स्वित्झर्लंडमध्ये उतारावरून स्ट्रेचरवर आणलं तरी बिल येतं. रेगा या बचाव संस्थेच्या हेलिकॉप्टरचा नंबर १४१४, तो सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेव.

आता शिकवणी. नवऱ्याने बायकोला आणि बापाने पोराला स्कीइंग शिकवायचं नाही. गाडी शिकवताना जे होतं तेच इथे होतं, वर थंडी. जावईबापू मित्रांबरोबर दोनदा जाऊन आलेत म्हणून त्यांना गुरू करू नकोस. मुलांना स्की-स्कूलच्या गटात घाल. गट बहुतेक रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, म्हणून बुधवारी पोचण्याचा बेत करू नकोस. धाकट्याला अर्धा दिवस पुरे. दोन स्कींची टोकं जवळ आणून वेग कसा मारायचा हे ते पोरांना ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात, आणि पोरं ते तासाभरात उचलतात. तुला दोन दिवस लागतील. लाज वाटून घेऊ नकोस, तूही शिकवणी लाव. आणि शिकणाऱ्यांसाठी पहिल्याच दिवशी सगळ्या डोंगरांचा सहा दिवसांचा पास घेऊ नका. पहिले दोन दिवस तुम्ही गावातल्या उतारावरच घसरणार आहात, तेवढ्यापुरतं तिकीट मिळतं का ते खिडकीवर विचारा.

बुटांपाशी मात्र घाई करू नकोस. स्की, बूट, हेल्मेट सगळं भाड्याने घे, विकत काही नको. दुकानात आदल्या संध्याकाळी जा. सकाळी नऊला तिथे झुंबड असते. बूट घालताना टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची, मग बक्कल लावायची. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. नडगी बुटाच्या जिभेला सगळीकडून सारखी लागायला हवी. टाच वर उचलत असेल तर बूट मोठा आहे, मग दुकानदार कितीही ‘छान बसलाय’ म्हणो. आपली माणसं हटकून मोठा बूट घेतात आणि दोन-दोन मोजे चढवतात. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा; दुसऱ्या मोज्याने रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात. आतली पँट बुटात खोचायची नाही, त्या घडीनेच नडगी सोलवटते. दहा मिनिटं बूट घालून दुकानात फेऱ्या मार. बोचतंय असं वाटलं तर तिथेच बदलून माग. ते बदलून देतात, त्यात भिडेचं काही नाही.

तिथेच वजन विचारतील. खरं सांग. स्कीवर बूट धरून ठेवणारी खुंटी किती जोर आला की सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुझं कसब यांवरून लावतात. बायका वजन कमी सांगतात आणि मग खुंटी उगीचच सुटत राहते. पुरुष ‘मला चांगलं येतं’ म्हणतात, मग पडल्यावर ती सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. जावईबापूंच्या शेजारी उभी राहा!

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स नको, अंगालगत सुती काही नको, कारण सुती घाम धरून ठेवतं. आत लोकरी किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वरून वारा-पाणी अडवणारं. धाकट्याला पाच बोटांचे हातमोजे नको, बोटं एकत्र राहणारे दे, आणि एक जोड जास्तीचा. माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, ती आजोबांसाठी ठेव. हेल्मेट सगळ्यांना. आणि ऊन! थंडी आहे म्हणून आपल्याला ऊन लागणार नाही असं वाटतं, त्यातून ‘आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय’ हे आहेच. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. क्रीम नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीसुद्धा लाव. गॉगलशिवाय कुणालाही वर सोडू नकोस. खोबरेल तेलाची बाटली आणशील तर ती इथे दगड होते.

जेवणाबद्दल मला सांगायची हौस आहे, तेवढी ऐकून घे. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली सदनिका घे. वरच्या उपाहारगृहात रोज सहा माणसं जेवायला लागली तर घरचा हप्ता थकेल. भाजणी, मेतकूट, चिवडा, पोह्यांचं पीठ खुशाल आण. तूप, पेढे, खवा मात्र आणू नकोस. भारतातून काय किंवा इंग्लंडमधून काय, दुधाचे पदार्थ घेऊन स्वित्झर्लंडमध्ये येता येत नाही. इथे कोऑपच्या दुकानात ‘ब्राटबुटर’ मिळतं, ते जवळपास आपलं तूपच. वरणभाताला छोटा कुकर आण, कारण या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. फोडणी देताना खिडकी उघड. धुराचा भोंगा वाजला तर शेजारपाजार गोळा होईल. दुकानं लवकर मिटतात, दूध-ब्रेड आदल्या दिवशीच भरून ठेव.

सासूबाई शाकाहार पाळत असतील तर दोन गोष्टी आधीच सांग. फोंड्यूत पांढरी वाइन असते, बहुतेक वेळा किर्श नावाची दारूही. आणि ग्रुयेरसारखं चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. पुढे काय खायचं ते त्यांचं त्या ठरवतील. पण खाल्ल्यावर कळलेलं वाईट. बटाट्याची र्‍योष्टी त्यांना आवडेल, वर डुकराचे तुकडे नकोत एवढं सांगायचं. मुलांना वर गरम ओव्होमाल्टिन. आमच्या बर्नचंच आहे ते, १९०४ पासूनचं, आणि तुमच्या इंग्लंडच्या ओव्हल्टिनपेक्षा सरस.

सासू-सासऱ्यांना खोलीत कोंडून ठेवू नका. त्यांच्यासाठी केबल कारने मेनलिखेन आहे. आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही समोर. हिवाळ्यात चालायच्या वाटा दाबून तयार केलेल्या असतात, फलक बघून चालायचं. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, १९१२ पासून गाडी जाते. आपल्याकडचे लोक मे महिन्यात तिथे गर्दी करतात, तेव्हा तुमच्या सासूबाईंनाही जायचंच असेल. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरला आधी विचारा, आणि वर गेल्यावर कुणी जिने धावत चढायचे नाहीत. खरं सांगू, त्यांना डोंगरापेक्षा जास्त धोका स्टेशनापासून घरापर्यंतच्या गल्लीत आहे. दिवसा वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं, आणि त्या वयात खुबा मोडला की वर्ष जातं. बुटांवर ओढून चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात. दोघांना पहिल्याच दिवशी घेऊन द्या.

उतारावरची शिस्त एका वाक्यात येते: जो खाली आहे त्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं. थांबायचं तर कडेला, वळणाच्या आड नाही. खांब रोवून आखलेल्या हद्दीबाहेर ताज्या बर्फाचा कितीही मोह झाला तरी जायचं नाही. तिथे हिमलोट येतो आणि विमाही बरेचदा हात वर करतो. दक्षिणेकडून फ्योन नावाचा वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात. त्या दिवशी चिडचिड न करता घसरगाड्या काढा, मुलांना तेच जास्त आवडतं.

विमानाची तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून आधी ती काढून बसू नकोस. हाफ-टर्मला मुलांच्या शिकवणीच्या जागा लवकर भरतात. ती नोंदणी पहिली, मग स्टेशनजवळची सदनिका, मग व्हिसाची तारीख, आणि तिकिटं सगळ्यांत शेवटी.