बी.एड.चा अभ्यास, वही मिटून

‘मुलांना घोकायला लावू नका’ हे वाक्यही परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणारे छात्राध्यापक दरवर्षी दिसतात. टाचणे, सराव पाठ, प्रात्यक्षिकाच्या फायली यांतून वेळच मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच अभ्यास त्या कामांतच मिसळावा लागतो.

सुरुवात रोजच्या तासिकेपासून करा. संध्याकाळी वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि मग वही उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडाभराने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. विद्यापीठाची परीक्षा काही पाच मिनिटांनी होत नाही! तेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर लिहा.

सिद्धांताला वर्गातले मूल जोडा. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान २० आठवडे आंतरवासिता असते आणि बहुतेकांचे ते दिवस फक्त सह्या गोळा करण्यात जातात. रोज एकच प्रसंग टिपा. समजा, पाचवीतली मुलगी १/४ हा १/३ पेक्षा मोठा म्हणते, कारण चार तिनापेक्षा मोठे. दुसऱ्या दिवशीच्या टाचणात एकच भाकरी आधी तिघांत, मग चौघांत वाटायला सांगा. कुठवर आधार दिला आणि कुठे तिचे तिला जमले, हेही लिहून ठेवा. वायगॉट्स्कीच्या समीप विकास क्षेत्रावरच्या उत्तराला यापेक्षा चांगले उदाहरण गाइडात मिळणार नाही. गेल्या वर्षीच्या ताईची टाचणे उतरवणाऱ्याला मात्र यातले काहीच मिळत नाही.

सूक्ष्म अध्यापनाचे चक्र ३६ मिनिटांचे असते: ६ अध्यापन, ६ प्रत्याभरण, १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा अध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. पुनर्अध्यापन बऱ्याचदा कागदावरच उरकले जाते, आणि सुधारणा नेमकी तिथेच होते. ते टाळू नका.

गटात बसाल तर तिघेच बसा. एकाने पुस्तक न पाहता शिकवायचे, बाकीच्यांनी फक्त ‘का?’ विचारायचे.

टीईटीसाठी निराळी वही करू नका. १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात, आणि त्यांची तयारी याच कागदांवर होत राहते.