पाहुणा यजमानावर उलटतो
परक्याची अस्थिमज्जा शरीर नाकारते, हे आम्ही वर्गात सहज सांगतो. उलटही घडते, हे मुलांना चटकन पटत नाही. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५५ नंतर कुत्र्यांवर मज्जारोपणाचे प्रयोग केले. किरणांनी कुत्र्याची स्वतःची मज्जा नष्ट करावयाची व दुसऱ्याची शिरेतून घालावयाची. ती रुजे, पण तिच्यातील संरक्षक पेशी यजमानाचीच कातडी, आतडी व यकृत परके समजून पोखरीत. कित्येक मुकी जनावरे अशी दगावली. १९६८ साली सिॲटलमध्ये, पेशींवरील खुणा जुळणारे एकाच वेतातले भावंड दाता निवडले, तेव्हा कुत्री दीर्घकाळ जगली. मेथोट्रेक्सेटनेही उपद्रव कमी होई. भावंड म्हणजे जुळेलच असे मात्र नव्हे. सरासरीने चारांत एकाचेच पूर्ण जुळते. रक्ताच्या कर्करोगात मज्जारोपणापूर्वी सख्खी भावंडे आधी तपासतात, ती याच जुळणीसाठी.