आपाची काचपट्टी

(डॉक्टर व्हायचे ठरवलेल्या एका मुलीला प्रवेशपरीक्षेत हवे तेवढे गुण मिळाले नाहीत. त्यानंतर तिने काय केले, याची हकीकत या पाठात तिच्या धाकट्या भावाने सांगितली आहे.)

आमच्या घरात दोन वर्षे आपाला कोणी नावाने हाक मारली नाही. चाचा तिला ‘डॉक्टर साहिबा’ म्हणत. शेजारच्या खाला बीपीची गोळी हातात घेऊन येत आणि विचारीत, “बेटी, ही सकाळी घ्यायची की रात्री?” आपा तेव्हा अकरावीत शिकत होती! पण तीही गंभीर चेहरा करून गोळीच्या पाकिटावरचे नाव वाची. मला फार हसू येई.

आम्ही मालेगावला राहतो. अब्बा यंत्रमागावर काम करतात. दिवसभर गल्लीत लूमचा खडखडाट चालू असतो. फक्त शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी आम्ही मुले खेळायला पळत असू आणि आपा पुस्तके घेऊन बसे. “आज आवाज नाही, आज भौतिकशास्त्र,” असे ती म्हणे.

भौतिकशास्त्र तिला जड जाई. दहावीपर्यंत आपा आमच्याच उर्दू शाळेत शिकली. तिथे ज्याला ती ‘रफ्तार’ म्हणत होती, मराठीच्या तासाला ज्याला ‘वेग’ म्हणत होती, त्याचेच अकरावीत ‘व्हेलॉसिटी’ झाले. जीवशास्त्रात ती नवे शब्द पाठ करून पुढे गेली. भौतिकशास्त्रात मात्र शब्दाच्या मागे गणितही होते. ते काही पाठ होईना.

डॉक्टर होण्यासाठी ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते. ती साऱ्या देशासाठी एकच असते. प्रश्नपत्रिका उर्दूतूनही मिळते. पण आपाची दोन वर्षांची पुस्तके इंग्रजी होती, म्हणून तिने इंग्रजीच निवडली. परीक्षा 720 गुणांची. त्यांपैकी निम्मे, म्हणजे 360 गुण जीवशास्त्राचे. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी 180. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा 1 गुण कापला जातो. माहीत नसताना ठोकून दिलेले उत्तर असे महागात पडते.

13 जून 2023 रोजी निकाल लागला. चाचांनी मोबाइलवर पाहिला आणि मोठ्याने वाचला, “298! पात्र!” ते तसेच बाहेर गेले आणि मिठाईचा डबा घेऊन आले. खाला आल्या. अम्मीने आपाची दृष्ट काढली. आपा मात्र भिंतीला टेकून गप्प बसली होती. मला वाटले, आनंदाने तिला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर घरी आले. आपा त्यांची जुनी विद्यार्थिनी. अब्बांनी त्यांना मिठाई दिली. सरांनी ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

“या वर्षी खुल्या गटाला पात्रतेसाठी 137 गुण लागले,” सर म्हणाले.

“मग आमच्या मुलीला त्याच्या दुपटीहून जास्त आहेत!” चाचा म्हणाले.

“हो. पण पात्र होणे म्हणजे रांगेत उभे राहायची परवानगी मिळणे. जागा मोजक्याच आहेत आणि रांग फार लांब आहे. सरकारी महाविद्यालयातील एम.बी.बी.एस.ची शेवटची जागा जिथे संपते, तिथून आपली बेटी दोनशेहून अधिक गुण मागे आहे.”

चाचांना ते पटेना. पन्नास पर्सेंटाइलला पात्र धरतात, म्हणजे पन्नास टक्के गुण मिळाले की प्रवेश, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. सरांनी कागद घेतला. 720 पैकी 137 म्हणजे सुमारे 19 टक्के. पन्नास पर्सेंटाइल याचा अर्थ एवढाच, की परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे तुम्ही आहात. टक्का गुणांचा असतो, पर्सेंटाइल माणसांचे असते. चाचांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मिठाईच्या डब्याचे झाकण अम्मीने हळूच लावले.

त्या आठवड्यात घरात सल्ल्यांचा पूर आला. एका एजंटाचा फोन आला. परदेशात प्रवेश करून देतो, पैसे तेवढे आधी भरा, असे तो म्हणे. परदेशातून शिकून आल्यावर भारतात डॉक्टरकी करण्यासाठी इथली परीक्षा द्यावी लागते, हे त्याने सांगितलेच नाही. ते सरांकडून कळले. युनानी वैद्यकाचा विचार आपाने स्वतःच केला. उर्दू येत असल्याचा तिथे चांगला उपयोग होतो आणि मालेगावातच युनानी महाविद्यालय आहे. पण त्या साडेपाच वर्षांच्या बी.यू.एम.एस.लाही नीटचेच गुण पाहतात. तिने फॉर्म भरला. यादीत नाव आले नाही.

राहिला एकच मार्ग : एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणे. अनेक मुले तसे करतात आणि त्यांतली काही यशस्वीही होतात. अब्बांनी नाशिकच्या शिकवणीची चौकशी केली. फी, खोलीचे भाडे, जेवण अशी सगळी बेरीज केली. मग एका रात्री मी अंथरुणात असताना ते अम्मीशी बोलत होते. शेठकडून उचल घेईन, म्हणाले. आमच्याकडे उचल फिटेपर्यंत त्या शेठचे लूम सोडता येत नाही. अम्मीने विचारले, “आणि फेडायची कशी?” अब्बा थोडे थांबले. मग म्हणाले, “छोटा दहावी झाला, की माझ्याबरोबर येईल.”

छोटा म्हणजे मी. मी तेव्हा आठवीत होतो. मी डोळे मिटून पडून राहिलो. शेजारच्या अंथरुणावर आपाही जागी होती, हे मला तिच्या श्वासावरून कळले.

सकाळी ती सरांकडे गेली. मीही बरोबर गेलो. सरांनी तिचे गुण वेगवेगळे लिहिले. जीवशास्त्र 215, रसायनशास्त्र 52, भौतिकशास्त्र 31.

“खरे सांग, या 31 चे एका वर्षात 120 होतील?” त्यांनी विचारले.

आपाने खूप वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, “सर, दोन वर्षे मी सगळ्यात जास्त वेळ त्यालाच दिला.”

“मग आता दुसरा प्रश्न. डॉक्टर होऊन तू काय करणार होतीस? नाव, पाटी, पांढरा कोट हे सोड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताने काय करणार होतीस?”

तेव्हा आपाने दादीच्या तापाची गोष्ट सांगितली. ती मलाही पूर्ण माहीत नव्हती. दादीला एक दिवसाआड थंडी वाजून ताप येत असे. कोणी टायफॉइड म्हणाले, कोणी अशक्तपणा म्हणाले. इंजेक्शने झाली, पण ताप हटेना. शेवटी सरकारी दवाखान्यात लॅबवाल्या बाईंनी दादीच्या बोटाला टोचले आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला. त्याला रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दारात उभ्या असलेल्या आपाला त्यांनी जवळ बोलावले. रक्ताच्या एका पेशीत लहानशी निळसर अंगठी होती आणि तिच्यावर खड्यासारखा तांबडा ठिपका. तो हिवतापाचा जंतू! औषध बदलले आणि दादी बरी झाली.

“मला तसे शोधायचे होते, सर,” आपा म्हणाली.

सर हसले. “बेटी, ते तर डॉक्टरांनी शोधले नाही. लॅबवाल्या बाईंनी शोधले.”

आपाला हे बोलणे आवडले नाही. परतताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाली, “लोक हसतील. डॉक्टर साहिबा नळ्या धुते, असे म्हणतील.”

तरीही सरांच्या ओळखीने ती दोन दिवस एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसली. संध्याकाळी घरी येऊन ती जे सांगे, ते मी जेवण विसरून ऐकत असे. क्षयाच्या रोग्याच्या थुंकीत निळ्या रंगावर तांबड्या काड्या दिसतात. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढलेला जंतू तो हाच. पहिल्या दिवशी तिथल्या वासाने तिला मळमळले होते. तेही तिने सांगितले.

दुसऱ्या दिवशी एक भांडण झाले. जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त गोठू नये, म्हणून आत औषध असते. पण एका नळीत गाठ झाली होती. तंत्रज्ञ म्हणाले, रक्त पुन्हा घ्या. रोग्याचा भाऊ चिडला, “एवढे रक्त तर घेतले! यंत्रात टाका ना!” तंत्रज्ञ शांतपणे म्हणाले, “गाठीत प्लेटलेट अडकतात. यंत्र खोटाच कमी आकडा दाखवेल. मग डेंग्यूच्या भीतीने तुम्हीच धावपळ कराल.” त्यांनी ती नळी घेतली नाही ती नाहीच.

“त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नव्हते,” आपा मला म्हणाली, “पण त्यांनी नाही म्हटले तर सगळे थांबले.”

मग तिने चौकशी सुरू केली. रस्त्यावर ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशा पाट्या असतात. सरांनी तिला तिथे फिरकूही दिले नाही. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा आहे, किती वर्षांचा आहे, रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकवतात का, हे आधी विचारायचे, असे त्यांनी बजावले. नाशिकला 1998 साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच्या पॅरामेडिकल पदवीत तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात काम असते. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह असे त्यात वेगवेगळे विषय आहेत. अशा व्यवसायांसाठी 2021 साली स्वतंत्र कायदाही झाला आहे. आपाला बारावीत चांगले गुण होते. ते इथे कामी आले. (प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात. मागच्या वर्षीच्या मुलाला विचारून भागत नाही. त्या वर्षीची सूचना स्वतः वाचावी लागते. आपाची एक मैत्रीण शेवटची तारीख चुकल्यामुळे बाहेर राहिली.)

एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ अभ्यासक्रमाला तिचे नाव लागले. अब्बांना सांगायचे काम तिने स्वतः केले. शुक्रवार होता. लूम बंद होते.

“म्हणजे डॉक्टर नाही?” अब्बांनी विचारले.

“नाही, अब्बा. डॉक्टर नाही.”

अब्बा उठून दारापाशी गेले. बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग न वळताच म्हणाले, “फी किती आहे?” आपाने आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर हिशोब केला. “उचल लागणार नाही,” ते म्हणाले.

सगळे लगेच गोड झाले, असे मी सांगणार नाही. पुढच्या वर्षी आपाच्या वर्गातल्या एका मुलीला दुसऱ्या प्रयत्नात एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला. तिच्या घरून मिठाई आली. आपाने फोन करून तिला मुबारकबाद दिली आणि मग तासभर खोलीचे दार लावून घेतले. अम्मी दार वाजवायला निघाली, तर अब्बांनी हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली.

2025 च्या रमजान ईदला आपा घरी आली, तेव्हा खाला नेहमीप्रमाणे गोळी घेऊन आल्या. “डॉक्टर साहिबा, ही सकाळी की रात्री?”

“खाला, ते डॉक्टरांनाच विचारा,” आपा म्हणाली. “मी तुमची साखर तपासायला नमुना कसा द्यायचा, ते सांगते. उद्या काही न खाता दवाखान्यात जा. चहासुद्धा घ्यायचा नाही.”

“ईदच्या दुसऱ्या दिवशी चहा नाही?” खाला म्हणाल्या.

“नाही.”

खाला कुरकुरत गेल्या. पण चहा न घेता गेल्या.

मी आपाला विचारले, “तिकडे भौतिकशास्त्र तर नसेल ना आता?”

तिने कपाळावर हात मारला. “सूक्ष्मदर्शक कशावर चालतो, छोटे? भिंगांवर! पहिल्याच वर्षी ते पुन्हा समोर आले.” मग तिने माझे दहावीचे विज्ञानाचे पुस्तक ओढून घेतले आणि भिंगांचा धडा उघडला. “चल, वही आण.”

शब्दार्थ
काचपट्टी – सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची काचेची पट्टी
उचल – मजुरीतून फेडण्यासाठी आगाऊ घेतलेली रक्कम
पात्र – योग्य, लायक
दृष्ट काढणे – नजर उतरवणे
हिवताप – मलेरिया
बजावणे – ठासून सांगणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शुक्रवारी आपा अभ्यासाला का बसत असे?
(आ) सरांनी मिठाई हातात का धरून ठेवली असेल?
2. ‘पात्र होणे’ आणि ‘प्रवेश मिळणे’ यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
3. अब्बांनी उचल घेतली असती तर घरात काय बदलले असते? चार-पाच वाक्ये लिहा.
4. वेग, ताप, थेंब, भिंग या शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा आणि प्रत्येक मराठी शब्दाचा वाक्यात उपयोग करा.
5. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांशिवाय आणखी कोण कोण काम करते? त्यांपैकी एकाला भेटून त्यांच्या दिवसभराच्या कामाची माहिती मराठीत लिहा.