पेढे नसलेले दिवस

पालकहो, दहावीचा निकाल लागला की आपण पेढे आणतो. बारावीला आणतो. कॅम्पसमधून नोकरी लागली की गल्लीभर वाटतो. त्यानंतरचे पेढे थेट साखरपुड्याचे, असं आपण मनाशी ठरवून टाकलेलं असतं. मधली पाच-सात वर्षं आपल्या हिशेबातच नसतात. मुलं मात्र खरी घडतात, दुखावतात आणि सावरतात ती याच वर्षांत. त्या वर्षांबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत आहे. रोज रात्री तिचा फोन येतो. "जेवलीस का?" "हो." "काय केलं होतं?" "पोळी-भाजी." दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका रात्री तिचा आवाज बसलेला वाटला. "सर्दी झालीय, एसीमुळे," ती म्हणाली आणि मी काढा सांगून फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना हळूहळू बोलायला लागली. त्या एप्रिलमध्ये अप्रेझल झालं होतं. वर्षभर राबूनही शेरा मधलाच मिळाला होता. आणि त्याच आठवड्यात, ज्या मुलाला ती आठ महिने भेटत होती, त्याने उत्तरं देणंच बंद केलं होतं. भांडण नाही, निरोप नाही, कारणही नाही. मी ऐकलं आणि म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं. आता आपण स्थळं बघू." तिने हातातली चादर घडी करून ठेवली आणि उठून गेली. पुढे सहा महिने तिने मला मनातलं काही सांगितलं नाही.

माझं वाक्य वाईट हेतूने आलं नव्हतं. पण ती जखम दाखवत होती आणि मी निकाल लावून मोकळी झाले होते. त्यानंतर मी तिचं जग समजून घ्यायला लागले.

बऱ्याच कंपन्यांत वरचे शेरे किती जणांना द्यायचे, हे आधीच ठरलेलं असतं. सगळी टीम उत्तम काम करो, काहींच्या वाट्याला मधला शेरा येणारच. आपण लगेच विचारतो, "तू कमी पडलीस का?" उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजलेले असतात. आपण जेवायला बसतो त्या वेळी तिकडचं ऑफिस रंगात येतं आणि मुलांचा कॉल सुरू होतो. "एवढ्या उशिरापर्यंत कुठे होतीस?" या प्रश्नाचं खरं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

प्रेमाचंही तसंच. आपल्या वेळी कांदेपोह्यांनंतर नकार आला, तर तो मध्यस्थाकडे यायचा. तिथून वडिलांकडे, मग आईकडे. "पत्रिका जमत नाही" असा एखादा पडदा त्यावर असायचा. त्या पद्धतीचं मला कौतुक नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन कित्येक मुलींनी मान खाली घालून अपमान गिळले आहेत. पण नकाराचं ओझं घरातली चार माणसं वाटून घेत होती, एवढं खरं. आज तो नकार मुलांच्या मोबाइलवर थेट येतो, अनेकदा शब्दांशिवाय. रात्री फ्लॅटवर एकटीने तो पचवायचा आणि सकाळी दहाच्या मीटिंगला हसऱ्या चेहऱ्याने हजर व्हायचं. तो माणूस त्याच टीममधला असेल तर समोर बसून काम करायचं. सगळं घर मिळून जे पेलायचं, ते आपली मुलं एकेकटी पेलत आहेत.

कधी प्रकरण याहून गंभीर असतं. नकार दिल्यावरही एखादा वरिष्ठ मागे लागतो, नको ते मेसेज पाठवतो, बढतीची भाषा करतो. अशा वेळी आपल्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "सोड ती नोकरी, घरी ये." याच वाक्याच्या भीतीने मुली घरी सांगत नाहीत. त्यापेक्षा कायदा माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे आणि तिची अध्यक्ष महिलाच असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी चालू असताना मुलीला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. मेसेज पुसू नकोस, तारखा लिहून ठेव, मी तुझ्यासोबत आहे, एवढं आपण म्हणालो तरी तिचे पाय जमिनीवर टेकतात.

आणि मुलग्यांना विसरू नका. "पुरुषासारखा पुरुष, सावरेल" म्हणून आपण त्यांना विचारतच नाही. मन मोडलेला मुलगा रडत नाही. तो सुट्टीत घरी यायचं टाळतो, रात्र रात्र जागतो, तुटक बोलतो. मुलगा असो वा मुलगी, झोप आणि भूक कित्येक दिवस हरवलेली दिसली, जगण्यात रस उरला नाही असं बोलणं कानावर आलं, तर "वेळ हेच औषध" म्हणत बसू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे सोबत जायची तयारी दाखवा.

बाकी आपल्याला फार काही करायचं नाही. मुलांनी विश्वासाने सांगितलेलं मावशी-काकूपर्यंत पोहोचू द्यायचं नाही. स्थळांचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. "मी सांगत होते ना" हे शब्द गिळायचे. सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारायचं, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" माझ्या मुलीने त्या सहा महिन्यांनंतर पुन्हा बोलायला सुरुवात केली, ती मी हा एक प्रश्न शिकले तेव्हा. आजही ती बहुतेक वेळा म्हणते, "नुसतं ऐक."

पेढ्यांच्या दिवशी आनंद वाटून घ्यायला अख्खं गाव येतं. पेढे नसलेल्या दिवशी मुलांना आईबाबाच लागतात. आज रात्री फोन आला की "जेवलीस का?", "जेवलास का?" हे जरूर विचारा. फक्त "हो" ऐकून लगेच फोन ठेवू नका.