एकच गाळा, दोन दुकानं: जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स



विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हापासून प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला: "सर, लॅपटॉप मस्त चालतोय, पण विंडोज 11 घेत नाही. मोडीत काढू का?" विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून कितीतरी धडधाकट लॅपटॉप बाहेर राहिले.

मोडीत काढायची घाई नको. एका गाळ्यात प्लायवूडचं पार्टिशन टाकून दोन दुकानं चालतात ना, तसंच इथे करायचं. एका बाजूला विंडोज, तिथे टॅली आणि बिलिंग. दुसऱ्या बाजूला लिनक्स मिंट, तिथे ईमेल, नेट बँकिंग, ब्राउझिंग. याला ड्युअल बूट म्हणतात. एक लक्षात घ्या, दोन्ही शटर एकाच वेळी उघडत नाहीत. एकातून दुसऱ्यात जायचं तर लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागतो.

हे कोणी करू नये? दिवसभर काउंटरवर टॅली आणि ईमेल दोन्ही एकदम लागतं, त्यांनी करू नये. दर तासाला रीस्टार्ट करून धंदा होत नाही. डीएससी टोकन वापरत असाल तर ते काम विंडोजमध्येच ठेवा.

मुहूर्त कोणता? मासिक रिटर्न भरणाऱ्यांनी 20 तारखेनंतरचा रविवार धरा. जीएसटीआर-1 ची 11 तारीख आणि 3बी ची 20 तारीख डोक्यावर असताना डिस्कला हात लावायचा नाही.

पायरी 1: बॅकअप. टॅलीचा डेटा, बिलांचे पीडीएफ, फोटो हे सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. पण नुसता बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा आणि कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघा. दिसलं तरच पुढे चला. ग्राहकांची उधारी त्या डेटात आहे, ती गेली तर वसुली कोणाच्या तोंडी हिशोबावर करणार?

पायरी 2: बिटलॉकरची किल्ली. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाल्यावर विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर आपलंच दुकान आणि आपल्यालाच कुलूप! सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर चालू आहे का पाहा. असेल तर की कागदावर प्रिंट करून ठेवा, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबा.

पायरी 3: फास्ट स्टार्टअप बंद. हे चालू असलं की शटडाऊन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्सला त्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये ही टिक काढा.

पायरी 4: मोड तपासा. सिस्टम इन्फर्मेशन उघडून "बायोस मोड" समोर काय लिहिलंय ते बघा. यूईएफआय असेल तर हा धडा तुमच्यासाठी आहे. लेगसी असेल तर इथेच थांबा, त्याची पद्धत वेगळी आहे.

पायरी 5: जागा काढा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम. आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो. 50 जीबी हवी तर 51200. मिंटला किमान 20 जीबी लागते, पण इतकं काटकसरीनं बसू नका. निघालेली जागा तशीच रिकामी सोडा, फॉरमॅट करू नका.

पायरी 6: पेनड्राइव्ह. 8 जीबीचा घ्या. मिंटची आयएसओ फाइल त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि रूफस वापरून, जीपीटी निवडून, पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.

पायरी 7: आधी ट्रायल. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यू उघडा. डेल, लेनोवोत बहुतेक एफ12, एचपीत एफ9. पेनड्राइव्ह निवडला की मिंट इन्स्टॉल न करताच चालू होतं. वायफाय, प्रिंटर, आवाज, सगळं तपासा. माल न तपासता आपण पैसे देतो का?

पायरी 8: इन्स्टॉल. चार्जर लावून ठेवा. इन्स्टॉलर विचारेल तेव्हा विंडोजच्या सोबत इन्स्टॉल करा असा पर्याय निवडा. त्याच्याच जवळ "इरेज डिस्क" असतं. ते दाबलंत तर पूर्ण गाळा रिकामा होईल. सोबतचा पर्याय दिसत नसेल किंवा डिस्कच दिसत नसेल तर अंदाजानं काही दाबू नका. सरळ बाहेर पडा आणि जाणकाराला दाखवा. तोपर्यंत तुमचं विंडोज जसंच्या तसं आहे.

झालं! आता सुरू करताना एक यादी येईल, ग्रब मेन्यू. त्यातून विंडोज की मिंट ते निवडा.

नंतरच्या तीन गोष्टी

घड्याळ: मिंट वापरून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. लॅपटॉप बिघडलेला नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. पण पहाटे पाचला बाजारात बिल केलं तर तारीख आदल्या दिवशीची पडेल! मिंटमध्ये एकदाच द्यायची कमांड व्हिडिओत दाखवली आहे. ती दिली की विषय संपतो.

फाइली: मिंटला विंडोजच्या फाइली वाचता येतात, पण विंडोजला मिंटच्या येत नाहीत. म्हणून दोन्हीकडे लागणाऱ्या फाइली विंडोजच्या बाजूलाच ठेवा.

सपोर्ट: मिंट टाकलं म्हणून विंडोज 10 सुरक्षित झालं असं नाही. त्या बाजूला अनोळखी लिंक, अनोळखी पेनड्राइव्ह पूर्ण बंद.

गृहपाठ: आज फक्त पहिल्या दोन पायऱ्या करा, बॅकअप रिस्टोअर करून बघणं आणि किल्ली प्रिंट करणं. पुढे ड्युअल बूट केलं नाही तरी हे दोन्ही वाया जाणार नाही. लॅपटॉप चोरीला गेला किंवा पाण्यात भिजला तरी सोमवारी दुकान उघडायचंच असतं.