पोरीच्या शेजारी पाट टाक

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, चार महिने झाले कीबोर्ड घेऊन, पण पोरगी बसतच नाही. बसली तर रडते." मला हसूच आलं बघ. माझा लेक शिकत होता तेव्हा मीही हेच रडगाणं गात होते.

माझी चूक आधी सांगते. मी पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघरातून ओरडायची, "चुकलं! परत पहिल्यापासून!" एकदा सहज त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. तो पट्ट्यांकडे बघतच नव्हता गं, प्रत्येक सूर वाजवला की माझ्या तोंडाकडे बघायचा. सूर बरोबर की चूक, ते तो माझ्या भुवईवरून ठरवत होता. पुढे सहा महिने त्याने वाद्याला हात लावला नाही. त्यात त्याची काही चूक नव्हती.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की तिच्याजवळ बस, पण बोलू नकोस. दहा मिनिटं पुरे, पण रोज. रविवारच्या क्लासच्या आदल्या रात्री तासभर घासून काही होत नाही. आणि दर वेळी पहिल्यापासून वाजवायला लावू नकोस. त्याने सुरुवात तेवढी पक्की होते, अडखळतं तिथे अडखळतंच. जिथे अडतं तेच चार बार घ्यायचे. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, तेही अगदी संथ.

दोन हातांचं कोडं तिला सुटत नसेल तर एखाद्या रविवारी भाज्याची लेणी दाखवायला घेऊन जा. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाई कोरलीय, दोन हातांनी दोन वाद्यं वाजवतेय, अगदी तबला-डग्ग्यासारखी, आणि शेजारी एक नाचतेय. आमच्या कार्ट्याला माझ्या शंभर सूचनांपेक्षा ती बाई जास्त पटली.

बसायचं नीट बघ. कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवं आणि पाय लोंबकळायला नकोत. पायाखाली देवघरातला पाट सरकव, खुर्चीवर उशी टाक.

तुमच्या कीबोर्डच्या ६१ पट्ट्या सध्या पुरतील. खऱ्या पियानोला ८८ असतात, ५२ पांढऱ्या नि ३६ काळ्या. पण बोट हळू दाबलं तर आवाज हळू, जोरात दाबलं तर मोठा, एवढं त्यात हवंच. पियानोफोर्टे या नावाचा अर्थच मुळी 'हळू-जोरात'. ते नसेल तर पोरगी नुसती बटणं दाबायला शिकेल. पहिला पैसा त्यावर घाल, रंगीत दिवे नि दोनशे ताल मागाहून.

आता आपलं मावळचं दुखणं, पाऊस. लोणावळ्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे लाकडी पियानोची काय कथा! दमट हवेत त्याचं लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या अडकून बसतात. कुणी जुना पियानो स्वस्तात देतंय म्हणून भुलू नकोस. घेतलास तर बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, आणि सूर लावणाऱ्याला पावसाळा सरल्यावर बोलव. भर आषाढात लावलेले सूर दिवाळीपर्यंत टिकायचे नाहीत. कीबोर्डला कापडी झाकण पुरे. वीज गेली तर सेल असू देत. सेलही संपले तर टेबलावर बोटं वाजवू दे, बोटांचा सराव तेवढाच.

लयीसाठी ठोके देणारा मेट्रोनोम मोबाईलवर मिळतो, साठवर लाव. पण तुझ्याकडे त्याहून बरी सोय आहे. तुझे सासरे भजनी मंडळात टाळ धरतात ना? त्यांना शेजारी बसव. तिची सरगम चालू असताना त्यांनी संथ टाळ धरायचा. क्लासच्या बाई ज्याला 'सी' म्हणतात, ती त्यांची 'पांढरी एक'. पोरीला दोन्ही नावं येऊ देत, त्यात काही बिघडत नाही. आजोबांच्या भजनातली पेटी नि नातीचा कीबोर्ड, पट्ट्यांची रांग तीच.

आणि परीक्षेची घाई करू नकोस. लंडनच्या संगीत परीक्षांच्या आठ ग्रेड असतात, त्या कुठे पळून जात नाहीत. शेजारच्या मुलाने यंदा दुसरी दिली म्हणून तिला पहिलीला बसवू नकोस. हे मी केलंय, म्हणून सांगते.

संध्याकाळी कुकर लावलास की गॅस बारीक कर, फोन आत ठेवून ये, आणि तिच्याशेजारी दुसरा पाट टाकून बस. ती चुकली तर तोंड उघडू नकोस, भुवईसुद्धा जागेवर ठेव. आठवड्याने मला फोन कर.